गेमिस्तोस प्लेथॉन : ग्रंथ जळाला, नाव उरले

एखाद्या विद्वानाने आयुष्यभर खपून एक ग्रंथ लिहावा, त्याच्या पश्चात तो ग्रंथ चारचौघांदेखत अग्नीत टाकला जावा, ज्या राज्यात तो राहिला ते राज्यही बुडावे, आणि तरीसुद्धा साडेपाचशेहून अधिक वर्षे लोकांनी त्याचे नाव घेत राहावे! हे घडते कसे? आज ज्याची ओळख आपण करून घेणार आहोत, त्या गेमिस्तोस प्लेथॉन या ग्रीक तत्त्वज्ञाच्या बाबतीत नेमके हेच घडले. आपल्या शाळांच्या पुस्तकांत सॉक्रेटिस, प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल ही नावे येतात. प्लेथॉनचे नाव सहसा येत नाही. पण युरोपात त्याच्यावर अजूनही पुस्तके निघतात, वाद झडतात, आणि एकमेकांशी अजिबात न पटणारे लोक "हा आमचाच" म्हणून त्याच्यावर हक्क सांगतात.

आधी काळवेळ पाहू. प्राचीन रोमन साम्राज्याचे दोन भाग झाले. पश्चिमेचा भाग लवकर कोसळला. पूर्वेचा भाग मात्र पुढे हजार वर्षे टिकला. त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. भाषा ग्रीक, धर्म ख्रिस्ती. या राज्याला इतिहासकार बायझंटाइन साम्राज्य म्हणतात. आपला गेमिस्तोस १३५५ च्या सुमारास या राजधानीत जन्मला, तेव्हा साम्राज्याला उतरती कळा लागली होती. चहूबाजूंनी उस्मानी तुर्कांची सत्ता वाढत होती आणि सम्राटाच्या हाती राजधानी, थोडी बेटे आणि ग्रीसच्या दक्षिणेचा काही मुलूख एवढेच उरत चालले होते.

त्याचे मूळ नाव जॉर्जिओस गेमिस्तोस. गेमिस्तोस म्हणजे भरलेला. पुढे त्याने 'प्लेथॉन' हे नाव घेतले. त्याचा अर्थही भरलेला असाच. पण हा शब्द जुन्या ग्रीकमधला, आणि ऐकायला 'प्लातॉन'च्या जवळचा. प्लातॉन म्हणजे आपण ज्याला प्लेटो म्हणतो तो. अर्थ तोच ठेवून गुरूच्या नावाचा नाद आपल्या नावात आणायचा, असा तो मामला.

१४१० च्या सुमारास सम्राट दुसरा मानुएल याने गेमिस्तोसला राजधानीतून मिस्त्रा या गावी धाडले. दक्षिण ग्रीसमध्ये, तायगेतोस डोंगराच्या एका सोंडेवर हे नगर वसलेले होते. खाली मैदानात प्राचीन स्पार्टाची जागा. त्या मुलखाचा कारभार सम्राटाच्या घरातला राजपुत्र पाही. मिस्त्रा आज ओसाड आहे, पण त्याचे वाडे, देवळे आणि तटबंदी पाहायला लोक जातात. १९८९ पासून जागतिक वारशाच्या यादीतही त्याचे नाव आहे. या डोंगरावरच्या गावात गेमिस्तोसने उरलेले सारे आयुष्य काढले. न्यायदानाचे काम केले, राजपुत्रांना सल्ला दिला, आणि मुख्य म्हणजे शिकवले.

आता शेतकरी बंधूंनी जरा कान द्यावा. हा माणूस नुसता आकाशातले तारे मोजणारा नव्हता. १४१५ ते १४१८ च्या दरम्यान त्याने सम्राटाला आणि राजपुत्र थिओडोर याला लांबलचक निवेदने पाठवली. या मुलखाची दुर्दशा का झाली आणि ती कशी सुधारेल, हा त्यांचा विषय. त्याचे निदान असे : जो शेतकरी कर भरतो त्यालाच लढाईच्या वेळी सैन्यात ओढतात. मग शेत पडीक राहते आणि लढाईही धड होत नाही. कर तरी किती? लहानलहान अनेक, वसूल करणारे अनेक, आणि तेही पुष्कळदा रोकडीत. तेव्हा सैनिक वेगळा आणि कर देणारा वेगळा करावा. कर एकच असावा आणि तो पिकाच्या रूपाने घ्यावा.

पिकाचा हिशेबही त्याने मांडला. उत्पन्नाचे तीन वाटे करावेत. एक वाटा राबणाऱ्याचा. दुसरा वाटा बैल, बियाणे, अवजारे पुरवणाऱ्याचा. तिसरा वाटा मुलखाची राखण करणाऱ्या राज्याचा. ज्याचे कष्टही स्वतःचे आणि बैलजोडीही स्वतःची, त्याच्या पदरी दोन वाटे पडावेत. आणि जमीन? जमीन निसर्गतःच तिथे राहणाऱ्या सगळ्यांची, असे त्याने लिहिले. कोणी तिच्यावर खाजगी मालकी सांगू नये. ज्याला पेरायचे असेल, घर बांधायचे असेल, त्याने जितकी पेलेल तितकी घ्यावी. जोवर तो ती कसतो आहे तोवर ती त्याच्याकडे राहावी.

एवढ्यावर तो थांबला नाही. आपल्या देशात लोकर, जवसाचा धागा, कापूस पिकत असताना दूरच्या पश्चिम समुद्राकडून कापड आणून अंगावर घालायचे, ही त्याला शरमेची गोष्ट वाटे. घरचे विणा, घरचे वापरा, असा त्याचा आग्रह. गुन्हेगाराचे हातपाय तोडण्याच्या शिक्षा त्याला पसंत नव्हत्या. त्यापेक्षा त्यांना तटबंदीच्या बांधकामावर लावा, म्हणजे काही उपयोग तरी होईल, असे त्याने सुचवले. समाजाचे काही काम न करता सरकारी खजिन्यातून वाटा घेणाऱ्या साधुसंन्याशांवरही त्याने टीका केली. आणि शेवटी म्हटले की, हे काम अंगावर घ्यायला दुसरे कोणी नसेल तर मी तयार आहे.

झाले काय? निवेदने दप्तरात राहिली. त्यांतले जवळजवळ काहीच अंमलात आले नाही.

हे ऐकताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आली असेल, स्वदेशीचीही आठवण झाली असेल. ते साहजिक आहे. पण थोडे सबुरीने घ्यावे. याच योजनेत शेतकऱ्याला त्याने जे नाव दिले आहे, ते 'हेलॉट' असे आहे. प्राचीन स्पार्टातल्या वेठबिगार कुळांचे हे नाव. प्रत्येक पायदळ शिपायामागे एक हेलॉट आणि घोडेस्वारामागे दोन नेमून द्यावेत, त्यांच्या उत्पन्नावर शिपायाचा चरितार्थ चालावा, अशी त्याची व्यवस्था होती. शेतकऱ्याला ओझे हलके करून मिळणार होते, मान मिळणार नव्हता. शिवाय १४२७ मध्ये राजपुत्र थिओडोरने त्याला फनारी नावाचा मुलूख वंशपरंपरेने तोडून दिला, आणि जमीन सर्वांची म्हणणाऱ्या या गृहस्थाने ते वतन घेतले. थोर माणसाची गोष्ट सांगायची तर ती अशी सगळी सांगावी.

आता आपण मिस्त्राहून इटलीकडे जाऊ. १४३८ साली ख्रिस्ती धर्माच्या दोन शाखा, पूर्वेची ग्रीक आणि पश्चिमेची रोमन, यांचा समेट घडवण्यासाठी इटलीतल्या फेरारा गावी एक मोठी परिषद भरली. पुढच्या वर्षी ती फ्लॉरेन्सला हलवली. समेट झाला तर तुर्कांविरुद्ध पश्चिमेची मदत मिळेल, ही ग्रीकांची आशा. सातशेच्या आसपास ग्रीक मंडळी समुद्र ओलांडून तिकडे गेली. त्यांत ऐंशीच्या घरातला गेमिस्तोसही होता. तो पाद्री नव्हता. जाणता माणूस म्हणून सम्राटाने त्याला नेले होते.

परिषदेतल्या धर्मचर्चेत त्याचे मन फारसे रमले नसावे. फ्लॉरेन्समधले विद्वान मात्र त्याच्याभोवती जमले. पश्चिम युरोपातल्या विद्यापीठांत तेव्हा अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द प्रमाण मानला जाई. प्लेटोचे फार थोडे लिखाण लॅटिन भाषेत उतरले होते. हा म्हातारा आला आणि प्लेटो मुळातून, ग्रीकमधून, समजावून सांगू लागला. अ‍ॅरिस्टॉटल कुठे चुकतो आणि प्लेटो कुठे सरस ठरतो, यावर १४३९ मध्ये त्याने एक छोटे पुस्तकही लिहिले. त्या पुस्तकावरून पुढची तीस-चाळीस वर्षे वाद चालला.

फ्लॉरेन्सचा धनाढ्य सावकार आणि कारभारी कोसिमो दे मेदिची हाही त्याची व्याख्याने ऐकत असे, आणि त्यातूनच प्लेटोच्या अभ्यासाचे एक केंद्र काढण्याची कल्पना त्याच्या मनात आली, असे मार्सिलियो फिचिनो या विद्वानाने लिहून ठेवले आहे. फिचिनोने प्लेटोचे सर्व लेखन लॅटिनमध्ये आणले आणि १४८४ मध्ये ते छापून निघाले. परंतु कोसिमोची ही हकिकत त्याने पन्नासेक वर्षांनंतर सांगितली. त्यामुळे आजचे काही अभ्यासक ती तोलूनमापून घेतात. एवढे मात्र निश्चित की, युरोपात प्लेटोची भूक लागायला या म्हाताऱ्याची भेट कारण झाली.

गेमिस्तोस मिस्त्राला परतला आणि एका ग्रंथावर काम करत राहिला. 'नोमोई', म्हणजे 'कायदे', असे त्याचे नाव. प्लेटोच्याही एका ग्रंथाचे हेच नाव आहे. हा ग्रंथ त्याने हयातीत प्रसिद्ध केला नाही. जवळच्या थोड्या शिष्यांनाच तो ठाऊक असावा. त्याचा मृत्यू १४५२ मध्ये झाला असे परंपरेने मानतात. काही अभ्यासक १४५४ धरतात. दरम्यान २९ मे १४५३ रोजी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले.

ग्रंथाची प्रत मिस्त्राच्या राजपुत्राची पत्नी थिओडोरा हिच्या हाती लागली. तिने ती वाचली, घाबरली आणि धर्मगुरूंकडे पाठवली. हे धर्मगुरू म्हणजे गेन्नादिओस. सुलतानाने १४५४ मध्ये त्यांना ग्रीक ख्रिस्ती समाजाचे मुख्य नेमले होते. फ्लॉरेन्सच्या परिषदेला तेही होते. अ‍ॅरिस्टॉटलचे कट्टर अनुयायी, आणि प्लेथॉनशी त्यांचा लेखी वाद आधीच झालेला. ग्रंथ उघडून पाहतात तो आत काय? ख्रिस्ती धर्माचे नावही नाही. झ्यूस हा सर्वश्रेष्ठ देव, त्याच्याखाली पोसायडन, हेरा आणि इतर जुन्या ग्रीक देवतांची उतरंड, सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या प्रार्थना, स्तोत्रे, आणि सणवारांसाठी एक वेगळी कालगणना. ही कालगणना आपल्याला ओळखीची वाटेल. महिना अमावास्येनंतरच्या चंद्रापासून सुरू होणारा, आणि सूर्याच्या वर्षाशी मेळ बसवण्यासाठी काही वर्षांत तेरावा महिना, म्हणजे आपला अधिक महिनाच म्हणा ना!

या ग्रंथात त्याने मानवजातीला वाट दाखवणाऱ्या जुन्या ज्ञानी पुरुषांची यादी दिली आहे. पहिला मान झरथुष्ट्राचा; आपल्या मुंबई-गुजरातकडचे पारशी ज्याला प्रेषित मानतात तोच. याच यादीत भारतातल्या ब्राह्मणांचाही उल्लेख आहे. तो काही भारतात आला नव्हता. पण खरे ज्ञान एकाच देशाच्या, एकाच पंथाच्या मालकीचे नाही, ते फार जुने आहे आणि अनेक लोकांत पसरलेले आहे, ही त्याची धारणा होती.

गेन्नादिओस यांनी ग्रंथ आधी थिओडोराकडे परत पाठवला आणि तूच जाळ म्हणून सांगितले. तिला ते धजवले नाही. १४६० मध्ये मिस्त्राही तुर्कांच्या ताब्यात गेले. त्या सुमारास ग्रंथ पुन्हा गेन्नादिओस यांच्याकडे आला, आणि त्यांनी तो जाळला.

पण श्रोतेहो, इथे एक गंमत झाली. आपण जाळले ते योग्यच केले, हे लोकांना पटवून द्यायला पुरावा हवा. म्हणून गेन्नादिओस यांनी प्रकरणांची यादी आणि काही पाने राखून ठेवली, आणि आत काय होते याचे वर्णन करणारे पत्रही लिहिले. काही प्रकरणांच्या नकला शिष्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या. शंभराच्या आसपास प्रकरणांपैकी थोडीच उरली. ती गोळा करून १८५८ मध्ये पॅरिसला छापली गेली. म्हणजे आज आपण या ग्रंथाविषयी जे बोलू शकतो, त्यातले पुष्कळसे जाळणाऱ्याच्याच कृपेने!

दुसरे श्रेय शिष्यांचे. बेसारिऑन नावाचा तरुण १४३१ च्या सुमारास शिकायला मिस्त्राला आला. पुढे तो रोमन शाखेत गेला आणि कार्डिनल या उच्च पदावर चढला. गुरूचे जुने देव त्याने स्वीकारले नाहीत. तरी गुरू गेल्याचे कळल्यावर त्याच्या मुलांना सांत्वनाचे पत्र लिहिताना त्याने त्याची बरोबरी थेट प्लेटोशी केली. ग्रीक राज्य बुडाले तेव्हा ग्रीक विद्या तरी बुडू नये म्हणून याच बेसारिऑनने जिथे मिळेल तिथून हस्तलिखिते जमवली, आणि १४६८ मध्ये ७४६ हस्तलिखिते व्हेनिसच्या नगरराज्याला देऊन टाकली. त्यांत गुरूच्या हातची पानेही आहेत. व्हेनिसचे ते ग्रंथालय आजही चालू आहे.

आणखी एक चाहता तर तलवारबहाद्दर निघाला. इटलीतल्या रिमिनीचा सरदार सिजिस्मोंदो मालातेस्ता १४६४ ते १४६६ या काळात व्हेनिसच्या वतीने तुर्कांशी लढायला दक्षिण ग्रीसमध्ये गेला होता. मिस्त्राचा किल्ला काही त्याला जिंकता आला नाही. पण परत जाताना त्याने प्लेथॉनच्या अस्थी उकरून सोबत नेल्या आणि रिमिनीच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीतल्या कमानीत ठेवल्या. त्या काळातल्या तत्त्वज्ञांचा राजा, अशा आशयाचा लेख त्यावर कोरलेला आहे. जुन्या देवांची स्तोत्रे लिहिणारा माणूस ख्रिस्ती देवळाच्या भिंतीत विसावला!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे नाव टिकले का? एक कारण असे दिसते की, या माणसात प्रत्येकाला आपल्या कामाचे काहीतरी सापडते. त्याच्या काळी ग्रीक बोलणारे लोक स्वतःला 'रोमन' म्हणवत. 'हेलेनी' म्हणजे ग्रीक हा शब्द धर्मबाह्य लोकांसाठी वापरत. प्लेथॉनने मात्र सम्राटाला बजावले की आपण हेलेनी आहोत, आपली भाषा आणि शिक्षण त्याची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकात ग्रीस स्वतंत्र झाल्यावर राष्ट्राभिमानी लोकांना हा आपला पूर्वज वाटला, यात नवल नाही. शेतीच्या योजनेमुळे समाजवादी विचाराच्या लोकांना तो जवळचा वाटतो. ग्रीसमध्ये जुन्या देवतांची पूजा पुन्हा सुरू करणारे गट आज आहेत. त्यांच्या लेखी तो पंथाचा आधारस्तंभ.

विद्वानांचेही एकमत नाही. १९५६ मध्ये फ्रांस्वा मासे यांनी आणि १९८६ मध्ये ब्रिटिश लेखक वुडहाउस यांनी त्याच्यावर मोठे ग्रंथ लिहिले. तो मनाने ख्रिस्ती राहिलाच नव्हता, असे निकितास सिनिओसोग्लू यांनी २०११ मध्ये जोरदारपणे मांडले. तर २०१४ मध्ये चेक अभ्यासक व्हॉयतेख ह्लाद्की यांनी शंका काढली की, एका खाजगी ग्रंथावरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का? वाद चालू आहे आणि वादामुळे वाचकही येत आहेत.

पण आपापला तुकडा कापून नेण्याची ही रीत धोक्याची असते. 'कायदे' या ग्रंथाचा जो भाग उरला आहे, त्यात शिक्षांचे एक प्रकरण आहे. आमच्या या मतांविरुद्ध जो पंडित युक्तिवाद करताना सापडेल, त्याला जिवंत जाळावे, असे तिथे सांगितले आहे. होय, प्लेथॉननेच! ज्याच्या ग्रंथाला आग लागली म्हणून आपण हळहळतो, त्याने आपल्या कल्पनेतल्या राज्यात विरोधकासाठी चिता रचून ठेवली होती. त्याचे चाहते हे पान सहसा वाचून दाखवत नाहीत. गेन्नादिओस यांनी कागद जाळला. प्लेथॉनच्या हाती सत्ता असती तर माणूस जळाला असता. हे झाकून त्याला डोक्यावर घेणे हीदेखील एक प्रकारची जाळपोळच, फक्त धूर दिसत नाही.

म्हणून या गोष्टीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बेसारिऑन. गुरूची सगळी मते त्याला पटली नव्हती. जे पटले नाही ते त्याने स्वीकारले नाही. पण नष्टही केले नाही. बांधून, नीट जपून, आपल्यापेक्षा वेगळा विचार करणाऱ्या पुढच्या वाचकाच्या हाती दिले. लोकप्रियता येते आणि जाते. नाव टिकते ते अशा राखणदारांमुळे.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात प्लेथॉनची गोष्ट सांगाल तेव्हा मुलांना तीन वाट्यांचा हिशेब सांगा आणि हेलॉटचेही सांगा. जळालेला ग्रंथ सांगा आणि त्या ग्रंथातली शिक्षाही सांगा. मग मुलांनाच विचारा : तुम्ही गेन्नादिओसच्या जागी असता तर काय केले असते? मुले भांडतील, दोन बाजू होतील. होऊ द्या. फक्त एवढे पाहा की, एका बाजूचे बोलणे दुसरीने शेवटपर्यंत ऐकून घेतले.